एकच वार, एकच ठिकाण: कोल्हापुरात स्वयंसेवा सुरू करणाऱ्या मुलामुलींसाठी

नववी ते बारावीतली मुलं आणि त्यांचे आईवडील यांच्यासाठी हे लिहिते आहे. ताराबाई पार्क, नागाळा पार्क, रुईकर कॉलनी किंवा अशाच एखाद्या भागातल्या सुखवस्तू घरात तुम्ही वाढला असाल, अभ्यासाला स्वतंत्र खोली असेल, क्लासला सोडायला गाडी असेल आणि आपल्या गावासाठी काहीतरी करावं असं मनापासून वाटत असेल, तर सुरुवात कशी करायची ते इथं क्रमानं सांगते.

मी एका वस्तीजवळच्या शाळेत संध्याकाळचा वाचनवर्ग बघते. जून महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत "मुलाला सोशल वर्क करायचंय" असे फोन येतात. येणाऱ्या मुलांची तळमळ खरी असते, त्याबद्दल मला कधीच शंका वाटलेली नाही. पण बरीच जण एक-दोनदा येतात, खाऊ वाटतात, सगळ्यांशी गोड बोलतात, मग घटक चाचणी येते आणि येणं थांबतं. इकडे वर्गातली पोरं पुढचे कित्येक दिवस विचारत राहतात, "ती ताई आज येणार हाय का?" म्हणून सगळ्या पायऱ्यांच्या आधी एक मागणं मांडते: एकच ठिकाण, आठवड्यातला एकच वार आणि किमान एक शैक्षणिक वर्ष. पुढचं सगळं यावरच उभं आहे.

हे मागणं कोल्हापूरला नवं नाही. शाहू महाराजांनी १९०१ पासून या शहरात एकामागून एक वसतिगृहं उभी केली. व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, जैन, लिंगायत, मुस्लिम समाजाची बोर्डिंग, १९०८ साली अस्पृश्य मानल्या गेलेल्या विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क होस्टेल. १९१७ मध्ये मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा हुकूम निघाला. दसरा चौकातून जाताना यांतल्या काही बोर्डिंगांच्या इमारती आपण रोज बघतो. खेड्यातून आलेल्या पोराला तिथं वर्षभर, रोज, छप्पर आणि दोन वेळचं जेवण मिळत होतं, म्हणून ते पोर शिकू शकलं. मदत रोजची आणि खात्रीची असेल तर तिच्या आधारावर माणूस पुढचा विचार करू शकतो. तुमच्या दोन तासांनाही हेच लागू आहे.

पहिली पायरी: आधी स्वतःचं वेळापत्रक कागदावर काढा

शाळा, क्लास, खेळ, घरचे कार्यक्रम हे सगळं लिहा आणि त्यातून खरोखर मोकळे असलेले दोन तास शोधा. "रविवारी जमेल तसं" असं ठरवू नका, कारण रविवारी लग्नं असतात, पाहुणे असतात, पन्हाळ्याला जायचं असतं. शनिवारची अर्धी शाळा सुटल्यानंतरची दुपार बहुतेकांना जमते. कॉलेजमध्ये असाल तर आठवड्यातली एखादी संध्याकाळ निघते.

नववी आणि अकरावी ही सुरुवातीला सगळ्यात चांगली वर्षं. दहावी-बारावीत असाल तरी या, पण पूर्वपरीक्षेपासून बोर्ड संपेपर्यंत येता येणार नाही हे पहिल्याच दिवशी सांगून टाका. आधी सांगितलेली सुट्टी कुणाला खटकत नाही.

अकरावीला राष्ट्रीय सेवा योजना असलेलं कॉलेज मिळालं तर तिथं नाव घाला. वर्षाला १२० तास काम आणि सात दिवसांचं शिबिर अशी तिची रचना आहे. १२० तास म्हणजे आठवड्याला सव्वादोन तासांच्या आसपास, म्हणजे मी मागते आहे तेवढंच.

दुसरी पायरी: जिथं काम आधीपासून चालू आहे तिथं जा

स्वतःची संस्था काढू नका. अलीकडे सोळा-सतरा वर्षांची मुलं बोधचिन्ह, टी-शर्ट आणि इन्स्टाग्रामचं पान तयार करून "फाउंडेशन" सुरू करतात. परदेशी विद्यापीठाच्या अर्जात ते चांगलं दिसतं असं कुणीतरी सांगितलेलं असतं. त्यात जाणारा पैसा आणि उत्साह आधीपासून काम करणाऱ्या माणसांच्या हाताखाली लागला तर कितीतरी पट उपयोगी पडतो. वस्तीतल्या बायकांना कुणाच्या घरी काय अडचण आहे, कुठली मुलगी शाळा सोडायच्या बेतात आहे, हे माहीत असतं. ती ओळख व्हायला वर्षं लागतात आणि ती त्यांच्याकडेच असते.

मग जायचं कुठं? सगळ्यात जवळचं उत्तर महापालिकेची शाळा. तुमच्या घरापासून चालत जाता येईल अशी एखादी नक्की असेल. मुख्याध्यापकांना भेटा. बाहेरच्या माणसाला वर्गात घेण्यासाठी त्यांना प्राथमिक शिक्षण समितीची परवानगी लागू शकते, त्याला थोडे दिवस जातात, तेवढा धीर धरा. आणि महापालिकेची शाळा म्हणजे बिचारी शाळा असं मनात घेऊन जाऊ नका. जरगनगरच्या महापालिका शाळेत प्रवेशासाठी पालक रांगा लावतात, हे कोल्हापुरात सगळ्यांना माहीत आहे. तिथल्या शिक्षकांकडून शिकवणं शिकून घ्यावं अशी ती ठिकाणं आहेत.

अपंग मुलांसोबत काम करायचं असेल तर नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये उभी केलेली हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था इथलीच. उचगावला तिचं वसतिगृह आहे. वीटभट्टीवरच्या आणि कष्टकरी घरांतल्या मुलांच्या शिक्षणासाठी अवनी ही संस्था काम करते. पुस्तकांची आवड असेल तर जवळच्या सार्वजनिक वाचनालयात बालविभागाला माणूस हवा आहे का ते विचारा. आपल्या गावात वाचनालयांची परंपरा जुनी आहे, करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचं. पेठेत तुमची तालीम किंवा मंडळ असेल तर तिथंही विचारा. बंगल्यांच्या भागात वाढलेल्या मुलांना तालमीचा संबंध फक्त फुटबॉल आणि गणपतीपुरता वाटतो, पण पूर आला की सगळ्यात आधी रस्त्यावर उतरतात ती याच तालमीतली पोरं.

फोन करताना "मला मुलांना शिकवायचंय" असं सांगू नका. असं म्हणा: "नमस्कार, मी अकरावीत आहे. मला दर शनिवारी दुपारी दोन तास येता येईल, पुढच्या मार्चपर्यंत. तुमच्याकडे कुठलं काम अडलंय?" समोरून "रजिस्टर उतरवून द्या", "पुस्तकांना कव्हर घाला", "वह्यांचे गठ्ठे लावा" असं उत्तर आलं तर तेच काम आनंदानं घ्या. मुलांसमोर उभं राहण्याच्या आधी तुम्हाला तिथली माणसं कळतात आणि माणसांना तुम्ही कळता.

तिसरी पायरी: घरची संमती आणि सुरक्षितता

तुम्ही अठराच्या आतले असाल तर कायद्यानं तुम्हीही बालकच आहात, त्यामुळं आईवडिलांचं सहीचं संमतिपत्र द्या. संस्थेनं ते मागितलं नाही तरी द्या. त्यात एका मोठ्या माणसाचा फोन नंबर आणि तुम्हाला काही ॲलर्जी असेल तर तीही लिहा.

जोडीनं जा. मोठी व्यक्ती हजर नसेल तिथं थांबू नका. कुठल्याही लहान मुलासोबत बंद खोलीत एकट्यानं बसू नका. दार उघडं, शक्यतो व्हरांडा किंवा मैदान. त्यात मुलाचीही काळजी आहे आणि तुमचीही. एखाद्या मुलानं घरी मारहाण होते, कुणी त्रास देतं असं सांगितलं तर "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका. शांतपणे ऐका, खोदून प्रश्न विचारू नका, आणि त्याच दिवशी संस्थेतल्या मोठ्यांना सांगा. चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा नंबर पाठ असू द्या.

जाण्यायेण्यासाठी सायकल, केएमटीची बस किंवा चालत. लायसन्स नसताना स्कूटी काढून वस्तीत जाऊ नका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली तर पालकांना २५,००० रुपये दंड आणि तुरुंगवासही होऊ शकतो. शिवाय वस्तीतल्या अरुंद बोळात खेळणारी लहान पोरं असतात. घरच्या मोठ्या गाडीनं सोडायला यायचं असेल तर गाडी मुख्य रस्त्यावरच थांबवायला सांगा.

साधे कपडे, बंद चपला, पाण्याची बाटली. कुणी चहा दिला तर घ्या. घोटभर घ्या, पण घ्या. "मी बाहेरचं पीत नाही" हे वाक्य त्या घरात फार लागतं. पोट खरंच नाजूक असेल तर "मावशी, आत्ताच जेवून आलोय, पुढच्या वेळी नक्की" म्हणा आणि पुढच्या वेळी खरंच घ्या.

चौथी पायरी: पहिला महिना बघण्याचा

पहिले चार शनिवार तुमच्याकडून फारसं काही होणार नाही, आणि तसंच व्हायला हवं. नावं पाठ करा. कोण कुणाचा भाऊ, कोण कुठल्या गल्लीतून येतं, कुणाला लवकर घरी जाऊन पाणी भरायचं असतं, हे समजून घ्या. मोठ्यांना मावशी, काका, मामा, आजी म्हणा आणि "अहो" म्हणूनच बोला. तुमच्या घरी भांडी घासायला येणाऱ्या मावशींचा मुलगाच वर्गात समोर बसलेला असू शकतो. तसं झालं तर अवघडून जाऊ नका, ओळख लपवूही नका. त्याच्या आईचं नाव आदरानं घ्या, तिथून पुढं सगळं सोपं होतं.

इंग्रजी माध्यमातल्या मुलांना एक खास सूचना. तुमचं गणित उत्तम असेल, पण "एकोणसाठ" म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर ५९ येतं की ६९? "सदुसष्ट" आणि "सत्त्याहत्तर" यांत गोंधळ होतो का? लसावि, मसावि, अंश, छेद, परिमिती, क्षेत्रफळ हे शब्द तुमच्या तोंडात बसलेत का? नसतील तर घाबरू नका. त्या त्या इयत्तेची गणिताची पुस्तकं ई-बालभारतीवर फुकट मिळतात, ती उतरवून घ्या आणि आधी स्वतः वाचा. अडलं तर वर्गातल्या मुलांनाच विचारा. चौथीतल्या मुलीनं अकरावीच्या दादाला एकोणऐंशी म्हणजे किती हे समजावून सांगितलं की त्या दोघांतलं अंतर एका मिनिटात कमी होतं. आमच्या वर्गात हे नेहमी घडतं आणि मला ते बघायला फार आवडतं.

बोलीचंही तसंच. मुलं "मी आलतो", "तिकडं गेलतं", "काय करालाईस" म्हणतील. बोलताना दुरुस्ती करत बसू नका. लिहिताना पुस्तकातली भाषा हवी हे त्यांचे शिक्षक त्यांना शिकवतात.

पाचवी पायरी: प्रत्यक्ष काम

नवख्या मुलांना सगळ्यात चांगलं जमतं आणि सगळ्यात जास्त गरज असते असं काम म्हणजे वाचन. ते कसं करायचं हे जरा सविस्तर सांगते.

आधी मूल कुठं आहे ते बघा. इयत्ता कुठलीही असो, 'प्रथम' नावाच्या संस्थेनं रुजवलेली सोपी पद्धत वापरा: सुटी अक्षरं, मग साधे शब्द, मग पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा परिच्छेद, मग दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट. मूल कुठं अडखळतं ते तारीख घालून एका वहीत लिहा. पाचवीतलं मूल परिच्छेदावर अडलं तर चेहऱ्यावर आश्चर्य दाखवू नका. त्यानं हा चेहरा आधी बऱ्याच ठिकाणी पाहिलेला असतो.

मग तिथूनच पुढं चला. एका वेळी दोन किंवा तीन मुलं, वीस-पंचवीस मिनिटं. आधी तुम्ही गोष्ट मोठ्यानं, ओळीखाली बोट फिरवत वाचा. मग दोघं मिळून वाचा. मग मूल एकटं वाचेल. अडखळलं तर लगेच शब्द सांगू नका, मनात पाच आकडे मोजा. बहुतेक अडचण जोडाक्षरांत असते: "स्वच्छ", "प्रत्येक", "कृष्णा", "आश्चर्य". रफार कुठं वाचायचा हे भल्याभल्यांना कळलेलं नसतं. "सूर्य" मधला तो वरचा आकडा आधी वाचायचा हे दोन-तीन शब्दांत दाखवलं की अचानक दहा शब्द उलगडतात. शेवटी पुस्तक मिटून गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगायला लावा. ती सांगताना मूल बोलीत बोललं, मध्येच स्वतःचा प्रसंग घातला, तर घालू द्या. अर्थ कळला की नाही हे तिथंच समजतं.

पुढच्या शनिवारी वही उघडा आणि जिथं थांबलात तिथून सुरू करा. "मागच्या वेळी आपण बेडकाच्या गोष्टीत इथं थांबलो होतो" असं तुम्ही म्हटलंत की मुलाला कळतं, हा आपल्याला लक्षात ठेवून आलाय. खाऊच्या पुड्यापेक्षा हे मोठं आहे.

दुसरं काम लेखनिकाचं. दृष्टिहीन आणि हातानं लिहू न शकणाऱ्या विद्यार्थ्यांना परीक्षेत लेखनिक घेता येतो. दहावी-बारावीच्या बोर्डाला लेखनिक परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेतला असावा लागतो, त्यामुळं इथं मोठी माणसं चालतच नाहीत. दहावीसाठी आठवी-नववीतल्या आणि बारावीसाठी अकरावीपर्यंतच्या मुलांनी उचलायचं हे काम आहे. शुद्ध आणि भरभर मराठी लिहिता येणारी मुलं मिळत नाहीत म्हणून दर फेब्रुवारीत धावपळ होते. तुम्हाला ते येत असेल तर दिवाळीनंतरच दृष्टिहीन मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेकडे किंवा तुमच्या शाळेत नाव देऊन ठेवा. परीक्षेच्या आधी त्या विद्यार्थ्यासोबत दोन-तीन सराव पेपर बसून सोडवा. प्रश्न जसाच्या तसा, विरामचिन्हांसकट वाचा. तो सांगेल तेच लिहा. उत्तर चुकतंय असं वाटलं तरी त्याचंच लिहा आणि चेहऱ्यानं किंवा आवाजानं काही सुचवू नका. भूमितीची आकृती, जोड्या, नकाशा यांचं काय करायचं ते दोघांनी आधी ठरवा. अशा विद्यार्थ्यांना तासाला किमान वीस मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांच्या पेपरला तुम्हाला चार तास एका जागी बसावं लागेल. तुमची स्वतःची वार्षिक परीक्षा त्याच सुमारास असते, म्हणून तारखा आधी पडताळा. कबूल करून ऐनवेळी नाही म्हणणं इथं चालत नाही.

तिसरं, अर्ज भरून देणं. शिक्षण हक्क कायद्याखाली खासगी शाळांतल्या २५ टक्के जागांचे अर्ज ऑनलाइन भरायचे असतात. त्यात नकाशावर घर नेमकं दाखवावं लागतं, आणि मोबाइलच्या छोट्या पडद्यावर पालकांची तारांबळ उडते. शिष्यवृत्तीचे, दाखल्यांचे अर्जही असेच. तुमच्या लॅपटॉपवरून आणि तुमच्या चटपटीत बोटांनी हे काम पटकन होतं. मात्र संस्थेच्या माणसाला शेजारी बसवा. आधारचा नंबर, पासवर्ड, ओटीपी कशातही साठवू नका. अर्ज भरल्यावर त्याची छापील प्रत पालकांच्या हातात द्या आणि लॉगिन त्यांच्या वहीत त्यांच्यासमोर लिहा.

ऊसतोड कामगारांच्या मुलांसोबत काम करायचं असेल तर हंगाम समजून घ्या. दिवाळीच्या आगेमागे बीड आणि आजूबाजूच्या जिल्ह्यांतून टोळ्या येतात. नवरा-बायकोच्या जोडीला "कोयता" म्हणतात, आणि त्या कोयत्याबरोबर पोरंही येतात. गाळप संपलं की मार्चच्या सुमारास सगळे परत जातात. म्हणजे ही मुलं तुम्हाला चार-पाच महिनेच भेटणार. त्यांची शाळा मध्येच सुटलेली असते. आईबाप पहाटे फडात जातात आणि धाकट्या भावंडाला मोठी बहीण सांभाळते. ती बहीण कडेवर बाळ घेऊनच वर्गात येईल, तिला "बाळाला ठेवून ये" असं म्हणू नका. बाळासाठी सतरंजी आणि दोन खेळणी ठेवा. इथं लांबचा अभ्यासक्रम आखण्यापेक्षा रोजचं वाचन, खेळ आणि परत जाताना सोबत न्यायला काय शिकलं ते लिहिलेली एक वही, एवढं झालं तरी गावाकडच्या शिक्षकांना धागा सापडतो. कारखान्याच्या अड्ड्यावर एकट्यानं जाऊ नका, तिथं काम करणाऱ्या संस्थेबरोबरच जा.

सीपीआर या सरकारी रुग्णालयात मदत करायची इच्छाही बरीच मुलं बोलून दाखवतात. वॉर्डात फिरणं अठराच्या आतल्यांनी टाळावं. बाहेर नातेवाइकांना केसपेपरची खिडकी कुठं, योजनेसाठी कुठली कागदपत्रं लागतात हे सांगण्याचं काम एखाद्या संस्थेच्या टेबलावर मोठ्यांबरोबर बसून करता येतं. रक्तदान अठराच्या आधी करता येत नाही, पण शिबिरात नावनोंदणीला बसता येतं.

पूर आला तर

हे वेगळं सांगायला हवं, कारण कोल्हापुरात वाढणाऱ्या प्रत्येक मुलाला हा प्रसंग येतोच. २००५, २०१९, २०२१ ही सालं घरातल्या मोठ्यांना विचारा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. पावसाळ्यात हे आकडे रोज बघायची सवय लावा, म्हणजे दसरा चौकाजवळच्या सुतारवाड्यातली कुटुंबं कधी हलवावी लागतील याचा अंदाज तुम्हालाही येईल.

अठराच्या आतल्यांनी पाण्यात उतरायचं नाही. गुडघाभर पाण्यातही नाही, कारण खाली उघडं गटार असू शकतं आणि प्रवाहाचा जोर वरून दिसत नाही. तुमचं काम कोरड्या जागेवरचं आहे, आणि ते भरपूर असतं. निवारा केंद्रात आलेल्या कुटुंबांची यादी करणं: किती माणसं, किती लहान मुलं, कुणाला मधुमेहाची गोळी हवी, कुणी गरोदर आहे. एक्सेलमध्ये ही यादी नीट ठेवणारा एक मुलगा किंवा मुलगी असेल तर चार मोठ्या माणसांचा वेळ वाचतो. दुसरं काम मदतीच्या साहित्याची वर्गवारी. नवे आतले कपडे, सॅनिटरी पॅड, टॉवेल, चादरी, साबण, लहान मुलांचं दूध, टॉर्च, प्यायचं पाणी हे लागतं. कपाट रिकामं करून दिलेल्या जुन्या साड्या आणि मापं न जुळणारे कपडे यांचे ढीग साठतात आणि ते हलवायला माणसं लागतात. तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर हे आधीच लिहा.

पाणी उतरल्यानंतरचे दिवस जास्त लांब असतात, आणि तेव्हा मदतीला फारसं कुणी उरत नाही. चिखल काढायला जाणार असाल तर गमबूट आणि हातमोजे घालूनच जा, पायाला जखम असेल तर जाऊ नका, धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का ते घरी विचारा. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर "पुराच्या पाण्यात होतो" हे डॉक्टरांना आवर्जून सांगा, लेप्टोचा, म्हणजे अशा पाण्यातून होणाऱ्या तापाचा, विचार त्यांना लगेच करता येतो. आणि एक काम असं आहे जे तुमच्याइतकं चांगलं कुणीच करू शकत नाही: भिजून गेलेल्या वह्या. दहावीतल्या मुलाची जूनपासूनची वही चिखलात गेली तर ती बाजारात मिळत नाही. तुमच्या वह्यांच्या झेरॉक्स काढा, मराठी माध्यमाच्या वह्या मित्रांकडून मिळवा, विषयवार लावा, ज्याला त्याला नेऊन द्या.

गणेशोत्सवात पंचगंगा घाटावर किंवा इराणी खणीवर निर्माल्य गोळा करणं, मूर्तिदानाच्या टेबलावर उभं राहणं ही एका दिवसाची कामं आहेत. मित्रांना पहिल्यांदा सोबत न्यायला ती चांगली.

फोटो, पैसा, वाढदिवस

मुलांचे चेहरे दिसतील असे फोटो टाकू नका. बालगृहातल्या मुलांची ओळख उघड करायला २०१५ च्या बाल न्याय कायद्यानं बंदी आहे. इतर मुलांचाही फोटो पालकांना आणि संस्थेला विचारल्याशिवाय नको. स्वतःला विचारून बघा, तुमच्या घरात कुणी अनोळखी येऊन तुमच्या धाकट्या बहिणीचा फोटो "गरजू मुलगी" म्हणून टाकला तर कसं वाटेल?

वाढदिवसाला वस्तीत किंवा आश्रमात केक कापायला जाण्याची रीत वाढली आहे. पालकांना माझी कळकळीची विनंती आहे, हे टाळा. मुलांना रांगेत बसवून अनोळखी माणसाच्या वाढदिवसाचं गाणं म्हणायला लावणं मला बघवत नाही. त्याच पैशांतून संस्थेला विचारून डाळ-तांदूळ, चष्मे, बसचा पास, जे अडलंय ते द्या. पैसे नेहमी संस्थेला, पावती घेऊन. एखाद्या मुलाला परस्पर पैसे, फोन किंवा बूट देऊ नका. त्याच्या शेजारी बसलेल्या मुलाचं काय होतं आणि त्याच्या वडिलांना घरी काय वाटतं, हे तुम्हाला दिसत नाही. शाळेत त्याच मुलाला बूट हवेत असं दिसलं तर संस्थेच्या ताईंच्या कानावर घाला, त्या योग्य वाट काढतील.

प्रमाणपत्र मागण्यात गैर काही नाही. वर्ष संपल्यावर मागा आणि जेवढे तास आलात तेवढेच लिहून घ्या. वडिलांच्या ओळखीनं न केलेल्या तासांचं पत्र आणू नका.

शेवटची पायरी: नीट निरोप घ्या

बारावीनंतर तुम्ही पुण्याला, बंगळुरूला किंवा त्याहून लांब जाल. हे मुलांना महिनाभर आधी सांगा. "परत येईन" असं वचन देऊ नका, "सुट्टीत कोल्हापुरात आलो तर भेटायला येईन" एवढंच म्हणा, आणि ते पाळा. तुमच्या शाळेतला नववीतला एक मुलगा किंवा मुलगी शेवटचे दोन महिने सोबत आणा. त्यांना नावं सांगा, वही दाखवा, कोण कुठल्या अक्षरावर अडतं ते समजावून द्या. शेवटच्या शनिवारी ती वही त्यांच्याकडे सोपवा.

येत्या जूनपासून सुरू करायचं असेल तर एप्रिलमध्येच शाळेत किंवा संस्थेत जाऊन या. मे महिन्यात शाळा बंद असतात आणि परवानगीचे कागद अडकून पडतात. जाताना संमतिपत्र, दोन फोटो, शाळेच्या ओळखपत्राची झेरॉक्स आणि तुमचा ठरलेला वार एवढं सोबत असू द्या.